लस टोचण्याआधीच्या अँटिबॉडी

(निवेदन)

ही उंदराची महारोहिणी, हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी धमनी. उभी चिरून, काळ्या मेणावर बारीक टाचण्यांनी सपाट बसवलेली. तिला चरबी रंगवणारा लाल रंग दिलाय. लाल दिसतंय तिथं चरबी साठलीय. कमानीजवळ, फाटे फुटतात तिथं बघा, डाग सगळ्यात दाट.

आता भिंतीच्या आत. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण इथं शिरतात, अडकतात आणि ऑक्सिडेशननं बिघडतात. बिघडलेला कण मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातला कचरा गिळणारी पेशी गिळते. मग आणखी एक. पुरे म्हणणं तिला माहीतच नाही. चरबीच्या थेंबांनी फुगलेली ही पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसते, म्हणून फोम सेल.

कोलेस्टेरॉलची गोष्ट इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढचं फारसं कुणी सांगत नाही.

पडद्यावरची ही पाच जोडांची रचना म्हणजे आयजीएम अँटिबॉडी. पकड घ्यायला दहा जागा. यातल्या काही संसर्ग झाला नसतानाही तयार होतात. जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांतही त्या सापडतात! बनवतात प्रामुख्यानं बी-१ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी. त्यातलीच एक ई०६. बिघडलेल्या एलडीएलवरचं फॉस्फोकोलीन हे रसायन हेरून ती तिथं चिकटते, आणि मॅक्रोफेजला तो कण सहजी गिळता येत नाही.

सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ विट्झटम यांच्या गटानं ई०६ची जनुकं वाचली. पकड घेणारा भाग निघाला थेट टी१५चा, म्हणजे उंदरांना न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूपासून वाचवणाऱ्या, आधीच ओळखीच्या अँटिबॉडीचा. फॉस्फोकोलीन त्या जंतूच्या भिंतीतही असतं ना! मग २००३ मध्ये कोलेस्टेरॉल चढलेल्या उंदरांना मेलेले न्यूमोकोकस टोचले. अँटिबॉडी वाढल्या, डाग कमी पडले. २०१८ मध्ये उंदरांच्या जनुकांतच ई०६चा पकडीचा भाग बसवला. डाग पुन्हा कमी.

हा प्लीहेचा छेद. या अँटिबॉडींचं एक मोठं ठाणं. दुसऱ्या महायुद्धात प्लीहा काढावी लागलेल्या अमेरिकी सैनिकांत न्यूमोनिया आणि हृदयविकार, दोन्हींचे मृत्यू जास्त आढळले. १९७७ मध्ये ते छापून आलं. त्यांचं चित्रण आमच्याकडे नाही.

माणसांत या आयजीएमची पातळी कमी असली की हृदयविकार जास्त, असं काही अभ्यासांत दिसलंय. न्यूमोनियाची नेहमीची लस मात्र मुख्यतः जंतूच्या बाहेरच्या शर्करा-आवरणावर बेतलेली असते, फॉस्फोकोलीनवर नाही.