फेज पेशी नेमकी केव्हा फोडतो?

नमस्कार. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते, त्या रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर मी उभी आहे. माझ्या हातातल्या बाटलीत भरतीचे पाणी आहे. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या अशा पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूंची संख्या १ कोटीच्या घरात असू शकते आणि त्यांतले बहुतेक जीवाणूंना संसर्ग करणारे, म्हणजे फेज असतात. फेज जीवाणूच्या पेशीत शिरतो, आपल्या प्रती तयार करवून घेतो आणि शेवटी ती पेशी फोडून त्या बाहेर सोडतो, इतके बहुतेकांना ठाऊक असते. पेशी नेमकी केव्हा फोडायची हे कसे ठरते, हा आजचा विषय आहे.

यातला सर्वांत बारकाईने अभ्यासलेला फेज म्हणजे ई. कोलाय जीवाणूवर वाढणारा लॅम्डा. याची नवी प्रजा पेशीत जमत असताना दोन प्रथिनेही तयार होत असतात. त्यांपैकी एंडोलायसिन हे पेशीभित्तिका कापणारे विकर आहे. पण भित्तिका आतल्या पटलाच्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पातळ आवरणाच्या, पलीकडे असल्यामुळे ते तिथवर पोहोचू शकत नाही आणि पेशीतच साठत राहते. दुसरे होलिन. ते त्या पटलातच रुतून बसते आणि बराच वेळ काहीही करत नाही. पटल शाबूत राहते, पेशीचा ऊर्जापुरवठा चालू राहतो, नवे फेज जुळत राहतात. मग होलिनची दाटी एका विशिष्ट मर्यादेला पोहोचली की त्याचे रेणू एकाएकी एकत्र येतात आणि पटलाला भोके पाडतात. या भोकांचा सरासरी व्यास सुमारे ३४० नॅनोमीटर असतो, म्हणजे जेमतेम १ मायक्रोमीटर रुंदीच्या पेशीच्या मानाने ती खिंडारेच म्हणायची. साठलेले एंडोलायसिन त्यांतून बाहेर पडून भित्तिका कापते, स्पॅनिन नावाची प्रथिने बाहेरचे पटल मोडतात, आणि काही सेकंदांत पेशी फुटते.

सगळे इतके अचानक का घडावे? मला या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. होलिनने थोडीथोडी गळती केली असती, तर पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतभार ओसरला असता, ऊर्जा संपली असती आणि पेशी फुटण्याआधीच उत्पादन बंद पडले असते. म्हणून शेवटच्या मिनिटापर्यंत पटलाला धक्का न लावणे यातच फेजचा फायदा आहे. पटलाची ऊर्जा सायनाइडने मुद्दाम घालवली, तर होलिन वेळेआधीच भोके पाडते, असे प्रयोगांत दिसलेले आहे.

म्हणजे हे घड्याळ होलिनच्या रचनेतच बसवलेले आहे. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ५२ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी ग्लायसिन आले, एवढ्याच बदलाने लॅम्डा नेहमीच्या सुमारे ५० मिनिटांऐवजी २० मिनिटांच्या आसपासच पेशी फोडतो, आणि तोवर एकही फेज धड तयार झालेला नसतो. शिवाय लॅम्डाचे हेच जनुक होलिनचे आणखी एक रूप बनवते. त्याच्या टोकाला केवळ दोन अमिनो आम्ले जास्त असतात आणि ते पहिल्या रूपाला अडवून धरते. एकाच जनुकातून काटा पुढे ढकलणारा आणि मागे ओढणारा, असे दोघेही निघतात.

आता योग्य वेळ कोणती, ते पाहू. थांबावे तितकी प्रजा वाढते. मात्र आधी फुटलेल्या पेशीतले फेज तेवढ्यात नव्या पेशी गाठून पुढची पिढी सुरू करतात. मिरकरवाड्याहून निघालेल्या होडीच्या तांडेलापुढे हाच हिशेब असतो: मासळीचा पुढचा ठाव जवळ असेल तर इथले जाळे लवकर ओढून निघावे, लांब असेल तर इथेच जास्त वेळ थांबावे. सिद्धांतही तेच सांगतो. कोकणातल्या खाजणांतील कोळंबीच्या तळ्यात व्हिब्रिओ जीवाणू दाट माजले असतील, तर लवकर फोडणाऱ्या फेजची सरशी व्हावी. खुल्या समुद्रात, जिथे दुसरा यजमान, म्हणजे संसर्ग करण्याजोगा जीवाणू, दूर असतो, तिथे उशीर परवडतो.

टी-४ हा फेज तर परिस्थिती पाहून वेळ बदलतो. एरवी तो ३७ अंश तापमानाला २५ ते ३० मिनिटांत पेशी फोडतो. पण संसर्ग झालेल्या पेशीवर आणखी टी-४ येऊन धडकले, तर त्याचे आर-वन हे प्रथिन होलिनला रोखते आणि फुटणे कित्येक तास लांबते. फेज उदंड झाले आणि रिकाम्या पेशी उरल्या नाहीत, असा त्या धडकेचा अर्थ असतो. अशा वेळी बाहेर पडण्यात शहाणपण नाही.

अगदी छोट्या फेजांना एवढा सरंजाम परवडत नाही. फाय-एक्स-१७४ चा संपूर्ण जनुकसंच ५,३८६ अक्षरांचा आहे आणि त्यात होलिनही नाही, एंडोलायसिनही नाही. त्याचे एकच प्रथिन जीवाणूचे भित्तिकेचा कच्चा माल बनवणारे विकर बंद पाडते, आणि वाढू पाहणारी पेशी स्वतःच्याच वाढीने फाटते. त्यामुळे इथली वेळ यजमानाच्या वाढीवर अवलंबून असते: वाढ थांबलेल्या पेशीत हा फेज अडकून पडतो.