चार जोड्यांचा पीळ

[दृश्य: सभागृह. व्यासपीठावर लॅपटॉप, मागे छताला टांगलेला प्रोजेक्टर.]

लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत वायर न्यायची, तर भिंतीवरून आणि छतावरून फिरवत ५० मीटर सहज लागते. चित्र आणि आवाज नेणारी साधी एचडीएमआय केबल १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. पडद्यावर ठिपके चमकतात, मग चित्रच जातं. म्हणून इथे चित्र येतं ते नेटवर्क केबलमधून. दोन टोकांना दोन छोट्या डब्या असतात, एक पाठवणारी आणि एक घेणारी. बाजारात या जोडीला एक्स्टेंडर म्हणतात.

[दृश्य: केबल सोलली जाते. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी जोडी.]

नेटवर्क केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. ही सगळी किमया त्या पिळाची आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनसाठी पिळलेल्या तारांचं पेटंट घेतलं. जोडीतल्या एका तारेतून संदेश जातो, दुसरीतून त्याचाच उलटा. पिळामुळे दोन्ही तारा आलटून पालटून शेजारच्या विजेच्या वायरीजवळ येतात, त्यामुळे तिची खरखर दोघींत सारखीच शिरते. घेणारी डबी फक्त दोघींतला फरक मोजते. वजाबाकी झाली की खरखर उरतच नाही. तार पिळण्याइतक्या साध्या कृतीतून एवढं साधतं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

[दृश्य: चारही जोड्या शेजारी शेजारी, अगदी जवळून.]

पण नीट पाहा, चारही जोड्यांचा पीळ सारखा नाही. तो मुद्दाम वेगळा ठेवतात, नाहीतर एका जोडीतला संदेश दुसरीत शिरेल. याची किंमत मोजावी लागते. घट्ट पिळलेल्या जोडीत तांब्याची लांबी जास्त भरते. व्हीजीए या एचडीएमआयआधीच्या जोडणीच्या काळात तांबडा, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या जोड्यांतून जात. लांब पल्ल्यावर एखादा रंग कणभर उशिरा पोचे आणि अक्षरांच्या कडांना रंगीत सावली दिसे. चांगल्या एक्स्टेंडरवर प्रत्येक रंगाचा विलंब जुळवायची सोय असायची.

एचडीएमआयमध्ये चित्राच्या ३ जोड्या आणि ठेका देणारी चौथी. नेटवर्क केबल तिथेच भरली! मग पडद्याने आपली क्षमता लॅपटॉपला कळवायची कुठून? म्हणून सुरुवातीच्या अनेक एक्स्टेंडरना दोन-दोन केबली लागत.

२०१० मध्ये एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि इस्रायलची व्हॅलेन्स यांनी एचडीबेसटीसाठी संघटना उभी केली. या पद्धतीत एकाच केबलमधून १०० मीटरपर्यंत चित्र, आवाज, नेटवर्क, नियंत्रणाचे आदेश आणि वीजसुद्धा जाते. तारेवर विजेच्या दोनऐवजी १६ पातळ्या वापरल्या, म्हणून एका ठोक्यात ४ बिट बसतात.

[दृश्य: नेटवर्क स्विच, लुकलुकणारे दिवे.]

दुसऱ्या जातीचे एक्स्टेंडर चित्र दाबून, त्याची पाकिटं करून नेटवर्कवर सोडतात. ते स्विचमधून, म्हणजे अनेक नेटवर्क केबली जोडणाऱ्या डबीतून, जातात, एक चित्र अनेक पडद्यांवर देतात. मात्र दाबण्या-उलगडण्यात वेळ जातो. वक्ता समोर उभा असताना पडद्यावरचे ओठ मागे पडले तर लगेच खटकतं, म्हणून सभागृहाला मी पहिलीच जात, म्हणजे एचडीबेसटी, सुचवेन. तिची केबल थेट डबीपासून डबीपर्यंतच हवी, स्विचमध्ये नाही. प्लग डबी आणि स्विच दोन्हींत सारखाच बसतो, म्हणून दोन्ही टोकांना चिठ्ठी लावाच.

[दृश्य: ब्लेडने तार खरवडली जाते. आत पांढुरका धातू.]

ही केबल मात्र घेऊ नका. वर तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. रोध जास्त, त्यामुळे लांब पल्ल्यावर संदेश क्षीण होतो आणि वीज नेताना तार तापते. सबंध तांब्याची कॅट सिक्स प्रकारची नेटवर्क केबल घ्या. प्लग बसवताना जोडी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. आणि भिंतीत पाइप टाकत असाल, तर त्याच वेळी एक जादा केबल ओढून ठेवा.