कागदाला घडी घालणाऱ्याला काय द्यावं?

श्रोतेहो, नमस्कार.

बहुतेक घरांत असं एक तरी माणूस असतं. बसचं तिकीट, औषधाचं बिल, लग्नपत्रिकेचं पाकीट, हाताला जे लागेल त्याला घडी घालत बसणारं. त्याचा वाढदिवस आला की आपण बगळ्याचं चित्र असलेला कप आणतो, नाहीतर त्रिकोणी नक्षीचा दिवा. दिसायला छान असतात या वस्तू, पण त्यांत त्याच्या हाताला काही काम नसतं. ओरिगामी, म्हणजे कागदाला घड्या घालून आकृत्या करण्याची कला, करणाऱ्याला घडी घालायला कागद हवा असतो. म्हणून आज मुख्य सांगायचं ते एवढंच : त्याला कागद द्या. चांगला, चौरस, नेमका कापलेला कागद.

कागद आणि भेट यांचं नातं कळायला जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांची गोष्ट ऐकावी. १४ मार्च १९११ रोजी जपानच्या तोचिगी प्रांतात, दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी तोक्योला कारखान्यात नोकरीला लागले. दिवसा काम, संध्याकाळी अभ्यास. विशीत बढती मिळाली, यंत्रांचे आराखडे काढायचे आणि नव्या कामगारांना भूमिती शिकवायची. ती शिकवायला त्यांनी कागदाच्या घड्या वापरल्या. फळ्यावर कंपास घेऊन अर्धा तास समजावायचं ते कागद एकदा दुमडला की समोर दिसतं. कोन दुभागला, झालं! आपल्याकडे परीक्षा जवळ आली की हस्तकलेचा तास काढून गणिताला देतात. खरं तर गणिताच्याच तासाला मुलांच्या हातात चौरस कागद द्यायला हवा. असो.

१९३७ मध्ये योशिझावांनी ती नोकरी सोडली. आता फक्त ओरिगामी. पण त्यावर पोट कसं भरणार? मग ते दारोदार त्सुकुदानी विकत. म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं समुद्री शेवाळ, बारीक मासे, भाताबरोबरचं तोंडीलावणं. पुढे महायुद्ध आलं. सैन्याच्या वैद्यकीय पथकात असताना आजाऱ्यांना जरा बरं वाटावं म्हणून ते त्यांना कागदाच्या आकृत्या करून देत. युद्ध संपलं, पण गरिबी संपली नाही.

आणि मग १९५१ मध्ये ‘असाही ग्राफ’ या सचित्र नियतकालिकाला जपानी राशिचक्रातले बारा प्राणी कागदाचे करून हवे होते. काम आलं योशिझावांकडे. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा, रानडुक्कर. जानेवारी १९५२ च्या अंकात ते छापून आले आणि चाळिशी ओलांडलेला हा माणूस देशभर माहीत झाला. १९५५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडलिक संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन भरलं. आज ओरिगामीच्या कुठल्याही आकृतीत आपण डोंगरघडी (वर उठलेली), दरीघडी (आत दबलेली) आणि बाण पाहतो ना, त्या खुणांचा पाया त्यांचाच. आणि मला या माणसाबद्दल सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : त्यांनी आपल्या आकृत्या विकल्या नाहीत. प्रदर्शनाला उसन्या दिल्या आणि माणसांना भेट दिल्या. पुन्हा सांगते, विकल्या नाहीत, भेट दिल्या.

त्यांच्या प्राण्यांना गोलाई असायची, अंगात मांस असल्यासारखी. ती यायची ओल्या घडीमुळे, म्हणजे कागद दमट करून घातलेल्या घडीमुळे. यासाठी कागद जाड लागतो, १२० ते १८० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा, बाजू २५ ते ३० सेंटिमीटर. फवाऱ्याने किंवा ओल्या फडक्याने कागद दोन्ही बाजूंनी दमट करायचा. पाण्याची चमक दिसत असेल तर थांबा. चमक गेली आणि हाताला गार लागला की घडी घाला. कागदातली खळ पाण्याने सैल होते आणि वाळताना पुन्हा धरते, म्हणून आकार टिकतो. ज्यात खळ नाही असा कागद, उदाहरणार्थ टीपकागद, इथे चालत नाही. पाणी जास्त झालं तर जिथे घड्या एकमेकींना छेदतात तिथे तंतू सुटतात आणि कोपरा फाटतो. आणखी एक : ओला कागद दोन्ही दिशांनी सारखा फुगत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. चौरसाचा आयत होतो! म्हणून आधी दमट करा, मग चौरस कापा. आधी पाणी, मग कात्री. झालेली आकृती चिमटे लावून रात्रभर वाळू द्या.

तेव्हा भेट म्हणून कार्ट्रिज कागदाचे, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाचे, किंवा हातकागदाचे दहा-बारा ताव, बारीक तुषाराचा फवारा, मूठभर चिमटे. ओल्या घडीचा पूर्ण संच झाला. कागद घेताना एका कोपऱ्यावर ओलं बोट घासून बघा. रंग बोटाला लागला तर तो ताव घेऊ नका.

नवशिक्याला एका बाजूने रंगीत, एका बाजूने पांढरा असा १५ सेंटिमीटरचा पातळ कागद द्या, शंभर तरी. साडेसात सेंटिमीटरचा दिसायला गोड, पण नव्या बोटांना तो जड जातो. गठ्ठ्यातला एक कागद कर्णावर दुमडून पाहा. कडा जुळल्या नाहीत तर तो चौरस नाही, आणि तिथला एक मिलिमीटर बगळ्याच्या चोचीपर्यंत वाढत जातो.

पक्का हात असेल त्याला मिथाइल सेल्युलोजची पूड. पातळ कागदाला खळ द्यायला, दोन ताव एकमेकांना चिकटवायला ती लागते. अर्ध्या लिटर पाण्याला दहा ग्रॅम. आधी थोड्या गरम पाण्यात ढवळायची, मग उरलेलं थंड पाणी घालायचं. ही पूड विरघळते थंड पाण्यात, गरम पाण्यात फक्त सुटी होते. एकदम थंड पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात.

आणि वेष्टण? तो चकचकीत प्लॅस्टिकचा कागद नको, त्याला घडीच राहत नाही. त्यापेक्षा स्वतः एक मासू डबी, म्हणजे कागदाची चौकोनी जपानी डबी, करा. १५ सेंटिमीटरच्या कागदाचे चारही कोपरे मध्यावर आणा, मग समोरासमोरच्या कडा मध्यरेषेवर आणून उघडा, दोन्ही दिशांनी. आता दोन समोरासमोरचे कोपरे पूर्ण उघडून भिंती उभ्या करा आणि ते कोपरे आत वळवा. तळ येतो सुमारे ५.३ सेंटिमीटरचा, उंची त्याच्या निम्मी. झाकण १५ च्या कागदाचं, तर खालची डबी १४.६ च्या कागदाची. दोन्ही सारखी घेतली तर झाकण बसत नाही, डबी चेपते. हीत चिमटे मावतील, पुडीही मावेल. ताव मात्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट बांधून द्या, गुंडाळी करू नका. गुंडाळलेला कागद वाकतो, आणि वाकलेल्या कागदावर पहिली घडी सरळ पडत नाही.

नमस्कार.