खुर्ची दाखवायची की काम?

नमस्कार श्रोतेहो. आपलं नागपूर म्हणजे नोकरदारांचं गाव. सिव्हिल लाइन्सची सरकारी कार्यालयं, सीताबर्डीच्या बँका, मिहानमधल्या आयटी कंपन्या. आणि हल्ली प्रत्येकाला सोशल मीडियावर आपलं नाव करायचं आहे. करावंच की! पण कशाच्या जोरावर?

सरकारी कर्मचाऱ्यांना राज्य शासनानं जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा. वैयक्तिक खात्यावर प्रोफाइल फोटो सोडला, तर पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, इमारत फोटोत किंवा रीलमध्ये नको. सगळ्यांनी मिळून केलेल्या कामाबद्दल लिहा, पण स्वयंप्रशंसा टाळा. हे शेवटचं कलम खासगी कंपन्यांनीही भिंतीवर लावावं, असं माझं मत.

खासगी नोकरीतल्यांचा अड्डा म्हणजे लिंक्डइन. तिथे नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात आणि बहुतेक जण तिथे नुसतं ‘मॅनेजर’ लिहून मोकळे होतात. समजा, तुम्ही औषधांच्या गोदामात आहात. बऱ्याच लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. भर दुपारी गाडीतून माल उतरवताना दार किती वेळ उघडं राहतं, बर्फाचे पॅक कधी बदलता, तापमानाची नोंद कोण तपासतं, हे चार ओळींत लिहा बरं. पुण्या-मुंबईचा माणूसही थांबून वाचेल. ‘अभिमान वाटतो की...’ अशी सुरुवात कोण वाचतं हो?

फक्त ग्राहकाचं नाव, दर, बिल बाहेर जाऊ देऊ नका. फोटो टाकण्याआधी मागचा फळा पाहा, गळ्यातलं ओळखपत्र पाहा. त्यावरचा बारकोड फोटो मोठा केला की स्पष्ट दिसतो. साहेबांवरचा राग तर ‘फक्त मित्रांसाठी’ म्हणूनही लिहू नका. स्क्रीनशॉट काढायला किती वेळ लागतो?

आणखी एक. तुमचं खातं ऑफिसच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर आजच त्यात स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर जोडून घ्या. नोकरी सोडल्यावर आठवण झाली, तर पासवर्ड बदलायचा कोड जायचा त्याच बंद पडलेल्या ईमेलवर.