अनुदान नळीला, की पाण्याला?

ठिबक केलेल्या रानात पाणी चालू असताना जरा बसून बघा. प्रत्येक तोटीखाली ताटलीएवढा ओला डाग, आणि दोन ओळींमधली माती कोरडी ठणठणीत. पाणी वाचलं, असं बघणाऱ्याला वाटणारच. सरकारांनाही तसंच वाटतं, म्हणून ठिबक-तुषारला जगभर अनुदान आहे. मोरोक्कोनं 2008मध्ये हरित योजना आणली, तिच्यात ठिबकचा 80 टक्के खर्च सरकारनं उचलला. लहान शेतकऱ्यांचा तर सगळाच. माझा प्रश्न एवढाच आहे : हे वाचलेलं पाणी पुढं जातं कुठं?

आधी पाटपाण्याचा हिशेब करू. समजा विहिरीतून शंभर भाग पाणी उपसलं. दारं धरणारा ते सरीसरीनं फिरवतो. पन्नास भाग पीक पितं, दहा उन्हानं उडतात, चाळीस जमिनीत मुरतात. हे चाळीस आपण 'वाया गेले' म्हणून मोकळे होतो. पण मुरलेलं पाणी पाझरत खालच्या अंगाच्या विहिरीत उतरतं, म्हणजे ते कुणाचं तरी पाणी असतं. (खाली खारा थर असेल तर ते खरंच वाया जातं. तिथं ठिबकची बचत खरी, हे कबूल.)

आता नळी आली. त्याच पिकाचं साठ भागांत भागतं. उरलेले चाळीस शेतकरी विहिरीत ठेवेल का? कशाला ठेवेल? त्यानं ठेवले तर शेजारचा उपसणार. म्हणून हाच शेतकरी आपला पडीक तुकडा ओलिताखाली आणतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. उपसा तेवढाच, शंभर. पिकांच्या पोटात मात्र पन्नासाऐवजी ऐंशीच्या वर. खालची विहीर आटते, आणि वरच्या रानातल्या 'बचती'नं आपलं पाणी नेलं हे तिच्या मालकाला कळतही नाही. वरच्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

हा नुसता कागदी हिशेब नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागातली बागायती शेती ओगालाला या भूजलसाठ्यावर चालते. चाकांवरचा लांबलचक पाइप रानात गोल फिरतो आणि वरून फवारा मारतो. वाऱ्यानं पाणी उडू नये म्हणून फवाऱ्याची तोंडं पिकाजवळ खाली आणायची सुधारणा आली, तिला सरकारी मदतही मिळाली. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी उपशाच्या नोंदी तपासल्या. उपसा घटलेला नव्हता, थोडा वाढलेलाच होता. शेतकरी जास्त पाण्याच्या पिकांकडे वळले होते, कोरडं राहणारं रान भिजू लागलं होतं.

म्हणून ठिबक वाईट, असं घरी जाऊन सांगू नका. उत्पन्न वाढतं, खत थेट मुळाशी जातं, मजुरी वाचते. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढावं म्हणून अनुदान द्यायचं असेल तर खुशाल द्या. फक्त त्याला जलसंधारण म्हणू नका.

पाणी वाचवायचं तर मर्यादा पाण्यावरच घालावी लागते. त्याच कॅन्ससमधल्या शेरिडन भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःहून मर्यादा मागितली आणि 2013पासून राज्यानं ती कायद्यानं लागू केली : पाच वर्षांत मिळून रानावर 55 इंच उभं राहील एवढंच पाणी. कुठल्या वर्षी किती वापरायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उपसा 20 टक्क्यांनी कमी करायचा होता, प्रत्यक्षात त्याहून जास्त घटला. पाच वर्षांनी त्यांनी मुदत वाढवून घेतली. पंजाबनं 2018मध्ये वेगळी वाट धरली. तिथं शेतीपंपांना वीज फुकट, म्हणून पंपाला विजेचा कोटा ठरवला आणि न वापरलेल्या युनिटमागं शेतकऱ्याला चार रुपये देऊ केले. योजना ऐच्छिक होती. तरी अनुदान पाणी न उपसण्याला मिळू शकतं, हे तिच्यातून दिसलं.

आपल्याकडं हा विचार फार आधी झालेला आहे. 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. उपसा योजनेच्या खर्चात निम्मं सरकारी अनुदान होतंच. पण पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना. उसाला बंदी. भूमिहीनांनाही वाटा. आणि कुणी जमीन विकली, तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. तो पंचायतीकडं परत यायचा.