शेवटच्या घोटानंतरचे चार दिवस

(दृश्य: रुग्णालयातला वॉर्ड. पुढे पसरलेले दोन हात.)

"हात समोर पसरा. बोटं फाकवा."

सिस्टर एवढंच सांगतात आणि बघत राहतात. नुसती बोटांची टोकं थरथरतायत, की हातच्या हात हलतायत? तळव्यांना घाम आहे का? मग एकेक प्रश्न. मळमळतंय का? उजेड डोळ्यांना खुपतोय का? अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतंय? आज तारीख काय? प्रत्येक उत्तराला गुण. या तपासणीत दहा गोष्टी बघतात आणि गुणांची बेरीज जास्तीत जास्त ६७ होते. बेरीज जितकी वर, तितका धोका जास्त. काही तासांनी सिस्टर परत येतात आणि पुन्हा तेच सांगतात, हात समोर पसरा.

हा माणूस वर्षानुवर्षं रोज दारू पीत आला आहे. कालपासून त्याने थेंबही घेतलेला नाही. घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची. पण सगळ्यात जोखमीचे दिवस आत्ता सुरू झालेत.

असं का होतं? मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट ॲक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर दबू देत नाही. रोजच असं व्हायला लागलं की मेंदूही जुळवून घेतो. स्वतःचे ब्रेक सैल करतो, ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. मग एक दिवस दारू अचानक थांबते. वाढवलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो आणि आवरणारं कुणीच उरत नाही.

सुरुवातीच्या काही तासांतच थरथर सुरू होते. घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आधी कधीही न आलेल्या माणसालाही. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची अवस्था फारच बिघडते. ताप चढतो, रक्तदाब वर जातो, समोर नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरांनी १८१३ मध्ये या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स हे नाव दिलं. वेळेत उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. वेळेत झाले, तर बहुतेक जण वाचतात. म्हणूनच ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगावीशी वाटते.

उपचार काय करतात? क्लोर्डायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखं औषध देतात. यकृत आधीच खराब असेल तर बऱ्याचदा लोराझेपाम. ही औषधं मेंदूचा तोच ब्रेक हलकेच धरून ठेवतात आणि मग डोस रोज थोडा थोडा कमी करत नेतात. जोडीला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. खूप पिणाऱ्या माणसाच्या अंगात ते फार कमी उरलेलं असतं. अशा वेळी आधी नुसतं ग्लुकोज चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चालताना तोल जातो, विचार भरकटतात. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला हा आजार पुढे स्मरणशक्ती कायमची नेऊ शकतो. एका स्वस्त जीवनसत्त्वाने तो टाळता येतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात दारू शरीरातून "काढून टाकणारं" औषध एकही नाही. त्याची गरजच नसते. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, मग ॲसिटेट, आणि ते शरीर जाळून टाकतं. थरथर सुरू होते तोवर बरीचशी दारू निघूनही गेलेली असते. उपचार चाललेला असतो तो मेंदूला पुन्हा स्थिरावण्यासाठी वेळ मिळावा म्हणून.

(दृश्य: मंद उजेडाची खोली, टबात बुडवलेले पाय.)

दारू सोडताना रुग्णालयात होणाऱ्या या उपचाराला डिटॉक्स म्हणतात. आता त्याच नावाने विकला जाणारा दुसरा प्रकार पाहू. कोमट मिठाच्या पाण्यात पाय, पाण्यात विजेचं एक छोटं यंत्र. अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं, वर फेस येतो. सांगतात, बघा किती विष बाहेर आलं! यंत्राची पट्टी लोखंडाची असते. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड गंजतं, आणि पाण्याला रंग येतो तो त्या गंजाचा. पाय न घालता यंत्र चालू ठेवलं तरी पाणी तपकिरीच होतं.

फक्त रस पिऊन राहण्याच्या आहाराचंही पाहू. दोन-तीन दिवसांत वजन उतरतं, हे खरं आहे. पण आधी संपतो तो यकृतात आणि स्नायूंत साठवलेला ग्लायकोजन, म्हणजे साखरेचा साठा. एका ग्रॅम ग्लायकोजनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. जेवण सुरू झालं की दोन्ही परत येतात. या दिवसांत हलकं वाटत असेल तर त्याचं श्रेय मला दारू, तळलेलं आणि जागरण बंद झाल्याला द्यावंसं वाटतं. ते रसाशिवायही बंद करता येतं. मसाज आणि वाफेने शरीर सैल होतं, मन निवतं, त्यासाठी ते जरूर घ्यावं. पण घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीर साफ करण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त जातं. मूत्रपिंडं दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडएक लिटरच बाहेर टाकतात.

आतडी धुण्याचा प्रकार तर जुनाच आहे. आतड्यात साचलेला मळ रक्तात विष सोडतो, असं एकेकाळी भलेभले डॉक्टर मानत. त्यापायी काहींची मोठी आतडी कापून काढली गेली. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी साधा मुद्दा मांडला. पोट साफ होताच बद्धकोष्ठाची डोकेदुखी लगेच थांबते. त्रास रक्तात भिनलेल्या विषाचा असता तर इतक्या पटकन थांबला नसता. तरी आजही आतडी धुतली जातात, आणि त्यात क्षारांचं संतुलन बिघडण्याचा, क्वचित आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो.

खरी विषबाधा झाली तर डॉक्टरांना विषाचं नाव माहीत असतं. शिसं असेल तर ते रक्तात मोजतात आणि ते पकडून लघवीवाटे बाहेर नेणारं औषध देतात. पॅरासिटामॉल जास्त झालं असेल तर ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा. नुसतं "टॉक्सिन्स" म्हणून कोणी काही विकत असेल, तर कोणतं टॉक्सिन, हे जरूर विचारा.

मला खरी काळजी आहे ती हे दोन प्रकार एकमेकांत मिसळतात तिथली. व्यसनमुक्ती केंद्रात जायचं म्हटलं की बदनामीची भीती वाटते. त्यापेक्षा एखाद्या डिटॉक्स शिबिरात आठवडाभर रस, वाफ आणि विश्रांती घेऊन यावं, तिथे दारूही आपोआप सुटेल, असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. पण रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला दुसऱ्या रात्री तिथे फिट आली, तर जवळ औषध नसतं, डॉक्टर नसतो.

हेरॉइन आणि अफूच्या इतर पदार्थांचा धोका वेगळा. ते थांबवल्यावर जांभया, नाक वाहणं, अंगावर काटा, जुलाब, हाडं मोडल्यासारखी वेदना होते. त्रास भयंकर, पण त्यातून सहसा जीव जात नाही. जीव जातो तो नंतर. काही दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस पुन्हा जुना डोस घेतो. तेवढ्याने श्वास थांबू शकतो. म्हणून नुसतं डिटॉक्स करून घरी पाठवणं मला अपुरंच नाही, धोक्याचं वाटतं. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या जातीचंच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जाणारं औषध बराच काळ चालू ठेवलं तर मृत्यू कमी होतात. दारूसाठीही नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. आणि समुपदेशन, गटाच्या बैठका हे सगळं पुढे महिनोन्‌महिने चालतं.

तुमच्या घरात कोणी रोज पीत असेल आणि आता सोडायची म्हणत असेल, तर बाटली हिसकावून घेऊ नका. आधी डॉक्टरांकडे न्या. रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, पूर्वी सोडताना फिट आली होती का किंवा भास झाले होते का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं खरं सांगा. लाजेखातर प्रमाण कमी करून सांगू नका, कारण औषधाचा पहिला डोस त्यावरूनच ठरतो.