जॉर्ज इन : अंगणाभोवती उभी राहिलेली सराई

श्रोतेहो, लंडन ब्रिजवरून दक्षिणेला साउथवर्कमध्ये उतरून बरो हाय स्ट्रीटने चालू लागलात, की डाव्या हाताला एक वाट आत वळते आणि तिच्या उजव्या बाजूला जॉर्ज इनचे लाकडी सज्जे दिसतात. आज हा पब आहे. पण त्याची वास्तुरचना समजून घ्यायची असेल, तर ही घोडागाड्यांची सराई होती, हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

वेस्टमिन्स्टर ब्रिज १७५० मध्ये खुला होईपर्यंत लंडन शहरात थेम्स ओलांडायला लंडन ब्रिज हा एकच पूल होता, आणि तोही अरुंद व गजबजलेला. त्यामुळे दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या साउथवर्कमध्येच थांबत आणि सराया याच रस्त्यालगत दाटीने उभ्या राहिल्या. चॉसर या मध्ययुगीन इंग्रज कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’मधले यात्रेकरू जिथून निघतात, ती टॅबर्ड ही सराई जॉर्जच्या शेजारचीच होती. १६७६ च्या आगीत या भागाचा मोठा हिस्सा जळाला आणि त्यानंतर जॉर्जची आजची इमारत उभी राहिली.

या रचनेचा गाभा खोल्यांत नाही, अंगणात आहे. गाडी आत यावी, घोडे सुटावेत, सामान उतरावे, प्रवाशांनी वर जावे, या सगळ्यासाठी मधली जागा मोकळी ठेवून तिच्याभोवती इमारत बांधलेली असे. वरच्या मजल्यांवरचे सज्जे शोभेसाठी नव्हते. प्रत्येक खोलीचे दार बाहेरच्या सज्जावर उघडत असल्याने आतल्या बोळाची गरजच उरत नसे. खाली गाडीची वाट पाहणाऱ्यांची खोली होती, जिथे आता मद्यपानगृह आहे.

अशा अंगणांत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात नाटकेही होत, प्रेक्षक खाली उभे राहत आणि सज्जांतूनही पाहत. त्यावरून शेक्सपियरने याच सज्जांखाली नाटके पाहिली असतील अशी कल्पना करणे मोहक असले, तरी ते खरे नाही. ही इमारत उभी राहिली तेव्हा त्याच्या मृत्यूला साठ वर्षे उलटली होती. जॉर्जचे मोल या आख्यायिकेवर मुळीच अवलंबून नाही. सज्जे असलेली गाड्यांची सराई लंडनमध्ये आता ही एकच उरली आहे.

तीही अपुरी. रेल्वे आल्यावर घोडागाड्या संपल्या, जागा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने मालगोदामासाठी घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगणाच्या दोन बाजू पाडल्या. दक्षिणेची बाजू तेवढी वाचली, जी १९३७ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिली. मला या पाडकामाची हळहळ वाटते ती खोल्या गेल्या म्हणून नव्हे. तिन्ही बाजूंनी वेढलेले अंगण गेले, म्हणून. तिथे गेलात तर लगेच आत शिरू नका. आधी अंगणात सज्जांकडे पाठ करून उभे राहा, गेलेल्या दोन बाजू डोळ्यांसमोर आणा आणि मग मागे वळून सज्जांकडे पाहा.